आपल्याच टीमवर तक्रार

आमच्या कामांगान गावात मानांग डेन्सियाइतकी चिडकी बाई दुसरी नाही, आणि हे मी तिची बदनामी करायला सांगत नाही. चाळीस वर्षं मी गावच्या बास्केटबॉलच्या टेबलावर बसतोय. घड्याळ माझ्या हातात, घंटा माझ्यापुढे, पाटीवर खडूने आकडे लिहिणारा मीच. चिडके कोच मी ढिगाने पाहिले. त्यांचा राग हरल्यावर येतो आणि तिसऱ्या बाटलीला उतरतो. हिचा राग पहाटे मासळीच्या टोपल्यांबरोबर उठतो आणि संध्याकाळी पोरांबरोबर घरी जातो. मध्ये कुठे उतरत नाही.

मानांग म्हणजे ताई, मानोंग म्हणजे दादा; आमच्याकडे मोठ्यांना असंच म्हणतात. बाई अठ्ठेचाळीसची. उंचीला माझ्या खांद्याला लागेल न लागेल. मोटरसायकलला जोडलेल्या पेटीत बांगुस आणि बोंबील घालून चार गावं हिंडते. गाडीचा भोंगा केव्हाच बंद पडलाय, दुरुस्त करत नाही. करेल कशाला? ती वेशीवर ओरडली की शेवटच्या घरातली मांजर उठून बसते.

ती या खेळात आली तीच भांडून. सहा वर्षं झाली त्याला. तेव्हा पोरांना शिकवायचा सेरापियो, ट्रायसिकलवाला. माणूस वाईट नव्हता, पण त्याची शिकवण म्हणजे आधी मैदानाला चाळीस फेऱ्या, मग दोन चांगली पोरं खेळणार आणि बाकीची रांगेत उभी. डेन्सियाचा धाकटा ओन्योंग तिथे जायचा. एक दिवस तिने विचारलं, "आज काय शिकलास रे?"

"बॉल गटारात गेला, तो मी काढून आणला."

"आणि?"

"आणि काय? तेवढाच हात लागला ना बॉलला!"

झालं. बाई खवले काढत होती, तशीच उठली. हातात सुरी, कोपरापर्यंत खवले चमकताहेत. मी मैदानाच्या कट्ट्यावर बसलो होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं.

"सेरापियो, ही पोरं काय करतायत?"

"नंबर यायची वाट बघतायत, मानांग."

"रांगेत? मासे घ्यायला आलीत का ही?"

"अगं, शिस्त लागते अशाने."

"एका तासात माझ्या पोराचा हात बॉलला एकदा लागला. तोही गटारात! गटार तरी बरं म्हणायचं, तुझ्यापेक्षा जास्त शिकवलं त्याने."

कट्ट्यावरचे सगळे फिसकन हसले. सेरापियोचा चेहरा लाल. त्याने गळ्यातली शिट्टी काढली आणि तिच्या पायाशी फेकली. "एवढं कळतंय तर घे, तूच शिकव!"

त्याला वाटलं, बाई लाजेल. बाईने शिट्टी उचलली, परकराला पुसली आणि अशी फुंकली, की शेजारच्या झाडावरचे कोंबडे खाली उतरले. तेव्हापासून ती शिट्टी तिच्याच गळ्यात.

आता शिट्टी मिळाली, पण खेळ कुठे येत होता? दुसऱ्या दिवशी माझ्या अंगणात हजर. "मानोंग, तुम्ही चाळीस वर्षं बघताय. या खेळात सगळ्यात सोपं काय असतं?"

मी म्हटलं, "बॉल द्यायचा आणि रिंगकडे पळायचं. दिलेला बॉल परत मिळाला तर टाकायचा."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर पलीकडच्या कोपऱ्यात निघून जायचं. मोकळ्या जागेत दुसरा येतो."

"बास. एवढंच शिकवणार."

मी हसलो. म्हटलं, अगं, मोठ्या टीमकडे वीस-वीस चाली असतात, त्यांना नंबर असतात. तर म्हणते, "माझी पोरं दहा वर्षांची आहेत. त्यांना स्वतःची चप्पल कुठे काढली ते आठवत नाही, वीस चाली काय आठवणार?"

सहा वर्षं तिने तेवढंच शिकवलं. द्या आणि पळा. देऊन जो उभा राहिला तो खांब. सगळी पोरं एका सुरात ओरडायची, "खांब! खांब!" आणि तो बिचारा पळत सुटायचा. दोन पोरं एकमेकांना चिकटून उभी राहिली की मानांगचा आवाज यायचा, "तुमच्या दोघांमधून रेडा आडवा गेला पाहिजे! आत्ता तर कोंबडीसुद्धा अडकेल!" एकदा तर खरंच पुढच्या गल्लीतून रेडा ओढत आणला आणि पाच पोरांच्या मधून फिरवला. रेड्याने मैदानाच्या मधोमध जे करायचं ते केलं. मानांग चिडली ती रेड्यावर नाही, ज्या पोराने ते साफ करायला नाक मुरडलं त्याच्यावर.

तिच्याकडे रांग कधी दिसली नाही. बॉल तीन, पोरं नऊ, म्हणून तीन-तीनचे गट. एकाने वर्तुळात टप्पे टाकत हिंडायचं आणि बाकी दोघांनी त्याचा बॉल हाताने उडवायचा. ज्याचा उडाला त्याने जिंकणाऱ्याच्या चपला डोक्यावर ठेवून मैदानाला एक फेरी मारायची. पोरं हसून लोळायची आणि ही कंबरेवर हात ठेवून ओरडायची, "हसता काय! डावा हात कुठे गेला? घरी ठेवून आलात?" पण चारचा खेळ असला की पोरं साडेतीनलाच येऊन बसायची. सेरापियोच्या वेळी हीच पोरं पोट दुखतंय म्हणून घरी लपायची. माझा नातू एस्तोंग त्यातलाच. अंगाने गोल, पायाने मंद, बॉल हातात आला की त्याच्याकडे असं बघायचा जसं काही त्यातून काहीतरी बाहेर पडणार आहे. सेरापियोकडे तो वर्षभर रांगेत शेवटचा होता. मानांगकडे तिसऱ्याच आठवड्यात त्याने पहिला बॉल रिंगमधून घातला आणि त्या रात्री अंघोळच केली नाही, हाताचा वास जाईल म्हणून.

भाताच्या दिवसांत मैदान आमच्याकडे खेळाचं नसतं, ते तुम्हाला माहीतच आहे. ज्याचं भात आधी सुकायला पसरलं त्याचं मैदान, आणि दुसऱ्याच्या भाताला हात लावायची कोणाची छाती नाही. तिने शिट्टी घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी लीग तोंडावर आली आणि अर्ध्याहून जास्त सिमेंटवर विदालचं भात. मानांग आली, बघितलं आणि विदालच्या सात पिढ्या उद्धारल्या. मग पोरांना म्हणाली, "चपला काढा. गुडघे वाकवा. बूड खाली. आता आडवे सरका, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाय उचलायचे नाहीत, घासायचे. समोर पलीकडच्या सिनाबात गावचा पोरगा बॉल घेऊन आलाय असं समजा."

आपण बायाबापे भात पायाने फिरवतोच की, सुकायला वरखाली व्हावं म्हणून. फक्त आपण चालत फिरवतो. ही पोरं वाकून, हात पसरून, आडवी सरकत होती आणि भातात सरळ सरळ सऱ्या पडत होत्या. विदाल काठी घेऊन धावत आला. "माझं भात!" अर्ध्यावर थांबला, बघितलं, भात एकसारखं फिरलेलं. काठी टेकली आणि आंब्याखाली जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी तीन शेतकरी तिच्या दारात. "मानांग, उद्या माझ्याकडे पण आहे का ते बचावाचं?" तिने तिघांनाही हाकललं आणि तिघांकडेही गेली.

त्या वर्षी आमची पोरं कोणाला पुढे जाऊ देईनात. लीगच्या चार मॅच झाल्या, चारही जिंकल्या. एकोणीस वर्षांत गावाने फायनल पाहिली नव्हती. आणि त्याच वर्षी कपितान रुस्तिकोची निवडणूक होती.

आता मला राग येतोय बघा. लिहितानासुद्धा येतोय.

कपितान म्हणजे गावचा प्रमुख. तोवर एकदाही मैदानाकडे फिरकला नव्हता. फायनलला पोचलो म्हटल्यावर नऊ जर्सी घेऊन आला. पाठीवर पोरांची नावं नाहीत. मोठ्या अक्षरांत त्याचं स्वतःचं नाव, खाली बारीक आकडा. मानांग म्हणाली, "कपितान, पाठीवर तुमचं नाव घालून ही पोरं खेळणार. मग घामही तुम्हीच पुसा." तो हसला. हसणारा माणूस आहे, तेच वाईट.

गुरुवारी, म्हणजे फायनलच्या तीन दिवस आधी, तो पुन्हा आला. बरोबर समुद्राकडच्या गावातली दोन पोरं. उंच, सुकी, चपळ. एकाचं नाव रोल्डान, दुसरा त्याचा चुलतभाऊ.

"मानांग, तुझं काम छान झालं. आता जिंकायचं काम माझ्यावर सोड."

"ही पोरं कोणाची?"

"आपलीच. कालपासून."

"आणि कागद?"

"गावात राहत असल्याचा दाखला कोण देतो? मीच ना!" आणि परत हसला.

"माझ्यातली कोणती दोन बसवायची म्हणता?"

"दोनच का? चार-पाच बसतील. हे दोघं बॉल आणतील, हेच टाकतील. बाकीच्यांनी वाट सोडायची. सोपंय की, तुला सोपंच आवडतं ना?"

मी तिच्या शेजारीच उभा होतो. तिच्या मानेवरची शीर मी फुगताना पाहिली. पण आवाज चढला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"कपितान, गटारातून बॉल आणणारी पोरं मी खेळायला शिकवली. ती परत रांगेत उभी करणार नाही."

"मग नको करूस. बाकावर मी बसेन. तू वाटल्यास पाणी वाट."

खोटं कशाला बोलू? त्या संध्याकाळी मी कपितानच्या बाजूचा होतो. एकोणीस वर्षं! दर वर्षी पाटीवर दुसऱ्या गावाचा मोठा आकडा मीच लिहायचा. माझी बायको लोलिता म्हणाली, "आणि आपला एस्तोंग?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी खेळेल." तिने हातातलं पाखडायचं सूप आपटलं फक्त.

रविवारी दुपारपासून मैदान भरलं. एम्पानाडा तळायच्या कढया, भोंगे, सिनाबातचे लोक दोन ट्रक भरून. आमची नऊ पोरं नऊ जर्सीत. कपितान आला, दोन पोरांना हाक मारली, त्यात एक आमचा एस्तोंग. "काढ रे, काढ. जरा या दादांना दे." एस्तोंगने जर्सी काढली. उघड्या पोटावर हात ठेवून उभा राहिला, सगळ्या गावासमोर. रडला नाही. माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात घंटा होती आणि मी खाली घड्याळाकडे बघायला लागलो. त्याची लाज मला अजून वाटते, आणि त्या लाजेचाच राग मी पुष्कळ दिवस दुसऱ्यांवर काढला.

तेवढ्यात मानांग टेबलाशी आली.

"मानोंग, पेन द्या."

"कशाला?"

"तक्रार लिहायचीय."

"सिनाबातवर? त्यांनी काय केलं?"

"सिनाबातवर नाही. आमच्यावर."

टेबलावर लीग चालवणारी मेस्त्रा सेफेरिना होती, शाळेतली जुनी बाई, तिने गावातल्या तीन पिढ्यांचे कान पिळलेत. तिने चष्मा काढला. "डेन्सिया, ऊन लागलं का तुला?"

"मेस्त्रा, नियम सांगा. मॅच सुरू व्हायच्या आधी तक्रार कोण करू शकतो?"

"दोन टीमपैकी कुठल्याही एकीचा कोच."

"कागदावर कामांगानचा कोच कोण आहे?"

मेस्त्राने कागद उलटला. कपितानने पोरांची नावं बदलली होती, दाखले जोडले होते, शिक्के मारले होते. कोचच्या रेघेवरचं नाव खोडायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला वाटलं असणार, बाई मुकाट्याने पाण्याच्या बादलीशेजारी बसेल. रेघेवर डेन्सियाचं पुरं नाव ठळक लिहिलेलं होतं: गाउडेन्सिया बालिस्ता.

कपितान धावत आला. "ए, ए! आपल्याच टीमवर? वेड लागलंय तुला! अख्खं गाव बघतंय!"

"बघू दे. मी काय अंधारात सही करतेय?"

"कप जाईल, कप! एकोणीस वर्षं..."

"एकोणीस वर्षं तुम्ही कुठे होता? एक फाटका बॉल तरी दिलात? चपला डोक्यावर घेऊन कोण पळालं या उन्हात? तुमचं भात कोणी फिरवलं? हो, तुमचंही फिरवलं, विसरलात? आणि आज त्यांच्या अंगावरचे कपडे काढता!" आता मात्र आवाज चढला होता. कढईपाशी उभ्या बायकांनी हातातले झारे खाली ठेवले.

मेस्त्राने रोल्डानला जवळ बोलावलं. मवाळ आवाजात विचारलं, "बाळ, तू झोपतोस कुठे?"

पोरगं खोटं बोलायला शिकलेलं नव्हतं. "कपितानांच्या गोदामात. बुधवारपासून."

"आणि त्याआधी?"

"घरी. समुद्राकडे."

पोरांवर मानांगने एक शब्द टाकला नाही. उलट त्या दोघांना बाजूला नेलं, भाताची पुडी आणि सुका मासा हातात दिला आणि म्हणाली, "तुमचा काही दोष नाही. बसा इथे, पोटभर जेवा आणि बघा." मग परत येऊन सही केली. नाव पुरतं, एक अक्षर न गाळता.

मेस्त्राने निकाल दिला. बाहेरची पोरं आणली म्हणून कामांगान बाद. कप सिनाबातला.

आणि मग जो आरडाओरडा झाला! आमच्याच लोकांनी तिला काय काय म्हटलं, ते मी लिहीत नाही, नातवंडं वाचतात. विदाल, ज्याचं भात तिने फुकट फिरवलं, तो सगळ्यात मोठ्याने ओरडत होता. आणि कपितान? त्याने काय करावं? पोरांपुढे हात पुढे केला. "द्या ते कपडे. माझ्या नावाचे आहेत." राहिलेल्या सातांनी एक एक करून जर्सी काढल्या. तो गठ्ठा काखेत मारून जीपमध्ये बसला आणि गेला.

मैदानात नऊ पोरं, कोणी बनियनमध्ये, कोणी उघडी. कोणाला घरी जावंसं वाटेना, कोणाला थांबायचं कारण सापडेना. मग सिनाबातचा कोच पुढे आला. न्हावी आहे तो, बोलायला भारी. म्हणाला, "मानांग, कप आम्हाला मिळाला, मॅच नाही मिळाली. माझ्या पोरांनी सकाळपासून तेल लावून केस बसवलेत. खेळायचं का?"

"विचारतोस काय? घे बॉल."

मी मेस्त्राकडे बघितलं. "पाटीवर लिहू?"

"मॅच संपलीय, म्हातारबा. खडू ठेवा खाली. घंटा मात्र वाजवा."

मी वाजवली. इतक्या जोरात, की दांडा निसटला.

नऊच्या नऊ पोरं खेळली. कोणी दोन मिनिटांपेक्षा जास्त बसलं नाही. द्या आणि पळा, द्या आणि पळा. सुरुवातीला आमचे लोक पाठ फिरवून उभे होते. मग एकाने मान वळवली. मग विदालच ओरडला, "खांब! अरे खांब!" आणि सगळं गाव ओरडायला लागलं. एस्तोंगला कोपऱ्यात बॉल मिळाला, त्याने दिला, पळाला, परत मिळाला आणि टाकला. रिंगवर आपटून बाहेर. मानांग त्याच्यावर अशी ओरडली, की सिनाबातची पोरंसुद्धा दचकली. "टाकला ते बरोबर! टाकल्यावर उभा का राहिलास? पाय कुठे गेले तुझे?"

कोण जिंकलं? माझ्या बोटांवरच्या मोजणीने आम्ही एकाने पुढे. सिनाबातच्या मोजणीने ते तिनाने पुढे. दोन गावांत लग्नं होतात, तेव्हा पंगतीत अजून हा वाद चालतो. मानांगला विचारलं तर म्हणते, "आपल्या मारजूनने शेवटी चार वेळा पास न देता टाकला. ते लिहा तुमच्या पाटीवर."

गाव मात्र सोडत नसतं. कप गेल्याचा राग कपितानवर निघाला नाही, तो निवडून आला. राग निघाला बाईवर. तीन आठवडे गावात उघडपणे कोणी तिच्याकडून मासा घेतला नाही. ती वेशीवर ओरडायची, घराघरांतली दारं बंद. पेटी भरलेली तशीच पुढच्या गावाला. मीही पहिले चार दिवस घेतला नाही. का घेतला नाही, ते मला सांगता येत नाही. पाचव्या दिवशी लोलिता मागच्या दाराने जाऊन दोन बांगुस घेऊन आली आणि माझ्या ताटात वाढताना म्हणाली, "खा. आणि काटे नीट काढ, तुझ्या गळ्यात काहीतरी अडकलंय कधीचं."

मानांगला ग्राहकांची फारशी फिकीर वाटली नाही. तिला चिंता होती ती पोरांची. मॅचच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी चार वाजता, मैदानावर सातच आली. मारजून आणि दुसरा एक, त्यांना घरच्यांनी कोंडलेलं. तिने उरलेल्या सातांना तीन-तीनच्या खेळात जुंपलं, एकाला मधल्या वर्तुळात उभं केलं आणि शिट्टी माझ्या हातात कोंबली. "मानोंग, कोणी रांग लावली तर वाजवा." आणि तरातरा निघाली.

मारजूनच्या दारात मी नव्हतो, पण आवाज मैदानापर्यंत स्पष्ट येत होता.

"कप घालवलास तू!" मारजूनची आई. "आता पोरगं कशाला हवंय तुला?"

"कप काय तुझ्या फडताळात ठेवणार होतीस? तो गेला असता कपितानच्या दिवाणखान्यात. पोर मात्र तुझ्याच घरात राहतं ना?"

"राहील घरात. अभ्यास करेल."

"अभ्यास? मला इथून दिसतंय, तो खिडकीत बसून भिंतीवर बॉल मारतोय! चार वाजून दहा मिनिटं झाली. तुझा राग माझ्यावर आहे ना? मग माझ्यावर काढ, हवं तर उद्या माझी पेटी उलटी कर रस्त्यात. पण माझी नऊ म्हणजे नऊ. सात नाही."

 मग आईचा आवाज, आधीपेक्षा खालचा, "उद्या बांगुस कसे देशील?"

"आधी पोर पाठव, मग भाव सांगते."

मारजून तोवर मागच्या कुंपणावरून उडी मारून, चपला हातात घेऊन, मैदानात पोचला होता. दुसऱ्याच्या घरी तिला फार बोलावं लागलं नाही, ती येतेय म्हटल्यावर त्यांनी दारच उघडं ठेवलं. परत येऊन तिने शिट्टी माझ्या हातातून ओढून घेतली आणि मोजायला लागली. आठवर थांबली. एस्तोंग पाणी प्यायला गेला होता.

"एस्तोंग!"